रंगीत छायाचित्रांचा संग्रह आणि प्रिंटचे आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलादालनातून पहिले रंगीत छायाचित्र विकत घेताना बहुतेक जण छायाचित्रकाराचे नाव, चित्राचा आकार आणि किंमत विचारतात. ही प्रिंट कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या वर्षी काढली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. पुढील उत्तरे या राहून गेलेल्या प्रश्नाभोवती आहेत. ती लिहिताना मुंबई, पुणे, कोकण किंवा गोवा येथे राहणारा संग्राहक डोळ्यांसमोर आहे, कारण या विषयावरचे बरेचसे मार्गदर्शन थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतून आलेले असून ते आपल्या जुलै महिन्याला पुरे पडत नाही.

रंगीत प्रिंट नेमकी किती वर्षे टिकते?

याला एक आकडा नाही. प्रिंटमधला रंग कशाचा आहे, तिच्यावर किती प्रकाश पडतो आणि भोवतालची हवा कशी आहे, यांवर तिचे आयुष्य अवलंबून असते, आणि या तिन्ही बाबतींत दोन टोकांमधले अंतर प्रचंड आहे. २००० साली एप्सनच्या एका लोकप्रिय घरगुती प्रिंटरवर, त्याच कंपनीच्या चकचकीत कागदावर काढलेल्या काही प्रिंट्स हवेतील ओझोनसारख्या वायूंमुळे आठवड्यांतच नारिंगी पडल्या होत्या. उलट १९३० च्या दशकात कार्ब्रो या रंगद्रव्याच्या पद्धतीने काढलेल्या रंगीत प्रिंट्स आजही संग्रहालयांत टवटवीत दिसतात.

या फरकाच्या मुळाशी रंजक आणि रंगद्रव्य यांतला भेद आहे. रंजक म्हणजे पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळणारा रंग. त्याचा प्रत्येक रेणू सुटा आणि म्हणून उघडा असतो. रंगद्रव्य पाण्यात कालवलेल्या गेरूसारखे असते, त्याचे कण शाबूत राहतात, आणि प्रकाशाने कणाच्या बाहेरचे रेणू बिघडले तरी आतले बराच काळ टिकून राहतात. चांगले रंजक आणि वाईट रंगद्रव्य दोन्ही अस्तित्वात आहेत, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. तरी विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

आमच्या घरातला १९८० च्या आसपासचा लग्नाचा अल्बम बंद कपाटात असूनही लालसर का झाला?

कारण रंग केवळ उजेडात उडतो, हा समज चुकीचा आहे. त्या काळातील लॅबमध्ये काढलेल्या रंगीत प्रिंटमध्ये जिलेटिनचे थर असतात आणि त्यांत धुलाईच्या वेळी पिवळा, किरमिजी आणि निळसर हिरवा असे तीन रंजक तयार होतात. हे रंजक उष्णता आणि ओलावा यांनी अंधारातही विघटित होत राहतात. त्या पिढीच्या अनेक कागदांत निळसर हिरवा रंजक सर्वांत कच्चा होता. तो उतरला की उरलेल्या दोहोंचा लाल रंग चित्रावर पसरतो. शिवाय न वापरल्या गेलेल्या रसायनांमुळे पांढरा भागही हळूहळू पिवळा पडतो. शालूचा हिरवा रंग राखी आणि मुंडावळ्यांचा पांढरा रंग हळदीसारखा दिसू लागतो तो यामुळे.

उजेडातला ऱ्हास वेगळ्या वाटेने जातो. केशकर्तनालयाच्या काचेवर वर्षानुवर्षे लावलेले छापील पोस्टर निळे पडलेले सर्वांनी पाहिले असेल. तिथे छपाईच्या शाईतील पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडालेले असतात. एखादी प्रिंट कोणत्या दिशेने बदलली आहे हे पाहून ती आयुष्यभर भिंतीवर होती की पेटीत, याचा अंदाज अनुभवी डोळा बांधू शकतो.

चित्रपटसृष्टीने हा धडा आपल्याआधी घेतला. ‘ईस्टमनकलर’ हा शब्द आपल्याकडे रंगीतपणाचाच समानार्थी झाला होता, पण त्याच प्रकारच्या फिल्मच्या प्रती काही दशकांत गुलाबी पडू लागल्या, आणि १९८० मध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी इतर दिग्दर्शकांना सोबत घेऊन कोडॅककडे टिकाऊ रंगांची जाहीर मागणी केली. त्यानंतर काही वर्षांतच अधिक टिकाऊ रंजकांची फिल्म बाजारात आली. छायाचित्रांचे कागदही पुढे सुधारले, म्हणूनच प्रिंट काढल्याचे वर्ष महत्त्वाचे ठरते.

लिलावाच्या यादीत ‘सी-प्रिंट’, ‘डाय ट्रान्सफर’, ‘सिबाक्रोम’, ‘पिगमेंट प्रिंट’ असे शब्द असतात. त्यांत टिकाऊपणाच्या दृष्टीने काय फरक आहे?

सी-प्रिंट म्हणजे वर सांगितलेली, लॅबमधली नेहमीची रंगीत प्रिंट. तिला क्रोमोजेनिक असेही म्हणतात. गेल्या अर्धशतकातील बहुतेक रंगीत कलाछायाचित्रे याच प्रकारची आहेत आणि लक्षावधी डॉलरना विकली गेलेली छायाचित्रेही याला अपवाद नाहीत: आंद्रेआस गुर्स्की यांचे ऱ्हाइन नदीचे जे छायाचित्र २०११ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ४३ लाख डॉलरना विकले गेले, तेही ॲक्रिलिकवर चिकटवलेली सी-प्रिंटच आहे. १९७० च्या दशकातील सी-प्रिंट आणि १९९० च्या उत्तरार्धानंतर फुजी, कोडॅक यांच्या सुधारित कागदांवर काढलेली सी-प्रिंट यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पहिलीच्या बाबतीत रंग बदलला आहे असेच गृहीत धरून तपासणी करावी.

डाय ट्रान्सफर ही मात्र वेगळीच दुनिया होती. कोडॅकने १९४० च्या दशकाच्या मध्याला ही पद्धत बाजारात आणली. मूळ चित्राचे तीन रंगांत विभाजन करून प्रत्येक रंगासाठी जिलेटिनचा एक साचा तयार करायचा, तो त्या त्या रंजकात भिजवायचा आणि तिन्ही साचे एकाच कागदावर केसभरही न हलू देता एकामागून एक दाबायचे, असे ते काम होते. साड्यांवर ठशांनी छपाई करणाऱ्याला त्यातले कौशल्य लगेच कळेल. पद्धत खर्चिक असल्याने ती मुख्यतः जाहिरातीच्या धंद्यात वापरली जाई. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांनी ती कलेसाठी उचलली, आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तेथील छायाचित्र विभागाचे प्रमुख जॉन झारकोव्स्की यांनी त्यांचे प्रदर्शन भरवले तेव्हा रंगीत छायाचित्राला कला मानावे की नाही, यावर मोठा वाद झाला. ग्रीनवूड, मिसिसिपी येथील लाल छताच्या त्यांच्या चित्रातला लाल रंग या पद्धतीशिवाय तसा दिसलाच नसता. अंधारात ठेवलेली डाय ट्रान्सफर प्रिंट अत्यंत टिकाऊ असते, पण प्रकाशात तिचा टिकाऊपणा मध्यमच आहे, आणि भाव पाहून लोक हे विसरतात. कोडॅकने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे साहित्य बनवणे थांबवले, त्यानंतरच्या प्रिंट्स उरलेल्या साठ्यावर निघाल्या.

सिबाक्रोम १९६३ मध्ये आले आणि पुढे इल्फोक्रोम या नावाने २०११-१२ च्या सुमारास संपले. पारदर्शिकेवरून, म्हणजे स्लाइडवरून, थेट प्रिंट काढण्याची ही पद्धत होती. तिच्यात रंजक आधीपासूनच कागदात असतात आणि नको तिथले धुऊन काढले जातात; त्यामुळे मुळात पक्के रंजक वापरण्याची मुभा निर्मात्याला मिळते. अंधारातील टिकाऊपणात ती उत्तम आहे. पॉलिएस्टरवरचा तिचा आरशासारखा पृष्ठभाग मात्र नुसत्या बोटाच्या स्पर्शानेही खराब होतो.

पिगमेंट प्रिंट म्हणजे रंगद्रव्याच्या शाईने काढलेली इंकजेट प्रिंट. आज नवीन चित्र घेणाऱ्याला बहुधा हीच मिळते, आणि चांगल्या सुती कागदावर काढलेली असेल तर टिकाऊपणात ती सी-प्रिंटपेक्षा सरस ठरते असे माझे मत आहे. ‘जिक्ले’ हा फ्रेंच वाटणारा शब्द १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका मुद्रकाने इंकजेटला भारदस्त नाव हवे म्हणून घडवला. तो शाईबद्दल काहीही सांगत नाही. १९९० च्या दशकात आयरिस या सुरुवातीच्या इंकजेट यंत्रांवर काढलेल्या अनेक ‘जिक्ले’ रंजकाच्या शाईच्या होत्या आणि त्यांतल्या सुरुवातीच्या बऱ्याच प्रिंट्स लवकर उडाल्या. प्रमाणपत्रावर केवळ हा शब्द असेल तर शाई आणि कागद यांची नावे लिहून मागावीत.

प्रिंट कोणत्या प्रकारची आहे हे घरी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यास इंकजेटचे बारीक ठिपके दिसतात, तर सी-प्रिंट आणि डाय ट्रान्सफरमध्ये रंग सलग दिसतो. सी-प्रिंटची मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत असून तिच्यावर अनेकदा कागदाच्या कंपनीचे नाव फिकट अक्षरांत छापलेले आढळते, आणि त्या नावावरून कागदाचा काळही ठरवता येतो. सिबाक्रोमची कडा, कापून टाकलेली नसल्यास, काळी असते, कारण त्या पद्धतीत प्रकाश न पडलेला भाग काळाच राहतो. फ्रेममधून न काढता केलेले निदान मात्र पक्के धरू नये.

विक्रेता ‘शंभर वर्षांची हमी’ असे सांगतो. त्यावर विश्वास ठेवावा का?

आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो कोणत्या गृहीतकावर काढला आहे हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शंभर वर्षे थांबून कोणीही प्रयोग करत नाही. प्रिंट अतितीव्र प्रकाशात काही महिने ठेवतात, रंग ठरावीक प्रमाणात उतरला की प्रकाशाची एकूण मात्रा मोजतात आणि घरात तेवढी मात्रा जमा व्हायला किती वर्षे लागतील याचे गणित करतात. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ग्रिनेल गावी हेन्री विल्हेल्म यांची जी संशोधन संस्था आहे, ती या गणितात दिवसाचे १२ तास ४५० लक्स प्रकाश धरते (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक). कोडॅकने आपल्या कागदांसाठी १२० लक्स धरले होते. प्रिंटमध्ये कणाचाही फरक न करता, केवळ या गृहीतकाने आयुष्याचा आकडा पावणेचारपट होतो.

आपल्या घरातील प्रकाश यांतल्या कोणत्या आकड्याच्या जवळ आहे, हे फोनवरील प्रकाशमापकाने ढोबळ का होईना मोजता येते. तुलनेसाठी एक हिशेब सांगतो. दिवसाचे १२ तास ४५० लक्स म्हणजे रोज ५,४०० लक्स-तास. भर दुपारचे थेट ऊन साधारण एक लाख लक्स असते. म्हणजे खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप रोज तासभर चित्रावर पडत असेल, तर एका दिवसात अठरा दिवसांचे आयुष्य खर्च होते, आणि तेही उन्हातील अतिनील किरणे जमेस न धरता.

आणखी एक गोष्ट या चाचण्यांत बऱ्याचदा मागे राहते, ती म्हणजे आर्द्रता. प्रयोगशाळेतील हवा सहसा ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असते. किनारपट्टीवर पावसाळ्यात ती सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे असा कोणताही आकडा आपल्याकडे थोडा कमी करूनच वाचावा.

‘व्हिंटेज’ प्रिंट नेहमी अधिक मोलाची असते ना?

कृष्णधवल छायाचित्रांच्या बाजारात हा नियम रुळला आहे: चित्र टिपल्यानंतर थोड्याच काळात, छायाचित्रकाराच्या हातची निघालेली प्रिंट सर्वांत मोलाची. रंगीत छायाचित्रात हाच नियम संग्राहकाला अडचणीत टाकतो, कारण कागद सुधारण्यापूर्वीची सर्वांत जुनी प्रिंट हीच बहुधा सर्वांत अधिक उतरलेली असते. ऐतिहासिक पुरावा हवा असेल तर जुनी प्रिंट, आणि छायाचित्रकाराने पाहिलेला रंग हवा असेल तर उशिराची, अशी ही कोंडी आहे. मला विचाराल तर, दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय १९८५ पूर्वीच्या सी-प्रिंटसाठी व्हिंटेजचा जादा भाव मी देणार नाही.

आपल्याकडचे मोठे उदाहरण रघुबीर सिंह यांचे आहे. जयपूरमध्ये १९४२ साली जन्मलेल्या या छायाचित्रकाराने भारत पाहायचा तर रंगातच, असा आग्रह आयुष्यभर धरला. मुंबईवरही त्यांनी विस्तृत काम केले. ते कोडॅक्रोम पारदर्शिकांवर चित्रे टिपत आणि त्यांवरून पुढे सी-प्रिंट्स निघत. अंधारात जपलेली कोडॅक्रोम पारदर्शिका रंगीत फिल्मच्या इतिहासातील सर्वांत टिकाऊ गोष्टींत गणली जाते, म्हणजे अशा वेळी मूळ प्रतिमा तिच्यावरून निघालेल्या प्रिंटपेक्षा दीर्घायुषी ठरू शकते. रघुबीर सिंह १९९९ मध्ये निवर्तले. अशा कलावंताची प्रिंट घेताना ती त्यांच्या हयातीत निघाली की पश्चात, स्वाक्षरी त्यांची आहे की वारसांचा शिक्का, आणि कागद कोणत्या काळचा आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी मिळवावीत. पश्चात निघालेली प्रिंट कमअस्सल असे नव्हे. ती तशी आहे हे लिहिलेले असावे, इतकेच.

एडिशन ‘२० पैकी ३’ असेल तर जगात वीसच प्रिंट्स असतात का?

एडिशन म्हणजे एका चित्राच्या ठरवून काढलेल्या मर्यादित प्रती. त्या आकाराच्या आणि त्या पद्धतीच्या वीस असतात, असे समजावे. मार्च २०१२ मध्ये एगल्स्टन यांच्या जुन्या चित्रांच्या ३६ मोठ्या डिजिटल पिगमेंट प्रिंट्स न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५९ लाख डॉलरना विकल्या गेल्या. त्यांतल्या काही चित्रांच्या मर्यादित डाय ट्रान्सफर प्रिंट्स ज्यांच्याकडे होत्या, त्या जोनाथन सोबेल या संग्राहकाने, आपल्या प्रिंटचे दुर्मिळपण हिरावले गेले, असा दावा केला. २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: वेगळ्या आकाराच्या, वेगळ्या पद्धतीच्या प्रिंट्स ही नवी एडिशन आहे, असा त्याचा आशय होता. निकाल न्यूयॉर्कच्या कायद्याखालचा असला तरी त्यातून घ्यायची खबरदारी सगळीकडे सारखीच आहे. ‘हे चित्र इतर कोणत्याही आकारात किंवा पद्धतीत पुन्हा काढले जाणार आहे का’, हे विकत घेण्याआधी विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे. कलावंताच्या स्वतःच्या प्रतीही एडिशनच्या आकड्याबाहेर असतात, त्या किती आहेत तेही नोंदवून घ्यावे.

खरेदीच्या वेळी लेखी काय मागावे?

चित्राचे शीर्षक, टिपल्याचे वर्ष आणि प्रिंट काढल्याचे वर्ष ही दोन्ही वर्षे स्वतंत्र असावीत. पद्धत, शाई किंवा कागदाचे पूर्ण नाव, मुद्रकाचे किंवा लॅबचे नाव, एडिशनचा तपशील आणि स्वाक्षरी कुठे आहे, हे असावे. याखेरीज एक गोष्ट हल्ली काही कलावंत मान्य करतात आणि नव्या संग्राहकाने ती धीटपणे मागावी: ठरावीक मुदतीत रंग उतरल्यास छपाईचा खर्च घेऊन त्याच क्रमांकाची नवी प्रिंट देण्याचे आणि जुनी परत घेऊन नष्ट करण्याचे आश्वासन. चित्र ताब्यात आल्याच्या दिवशी त्याचे, शेजारी रंगपट्टी ठेवून, एकसारख्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. दहा वर्षांनी रंग बदलला की नाही हे ठरवायला स्मरणशक्ती कामाची नसते, कारण डोळे रोजच्या बदलाला सरावतात.

फ्रेम करून घेताना काय पाहावे?

पहिली अट अशी, की काच प्रिंटला टेकता कामा नये. मध्ये सुती मॅटबोर्ड (चित्राभोवती बसवायची जाड पुठ्ठ्याची चौकट) किंवा कडेने पट्टी देऊन किमान काही मिलिमीटर अंतर राखावे. ही अट मी स्वतः एकदा गांभीर्याने घेतली नव्हती. फ्रेम स्वस्तात झाली, काच थेट चित्रावर बसली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ओलाव्याने मऊ झालेले जिलेटिन काचेला असे चिकटले की आकाशाचा हातभर भाग काचेसोबतच निघून आला. फ्रेमवाल्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, देवादिकांच्या तसबिरी तो तशाच करत आला होता आणि मी त्याला वेगळे काही सांगितले नव्हते.

मागचा पुठ्ठा आम्लरहित असावा. प्लायवूड किंवा एमडीएफ प्रिंटला लागून ठेवू नये, कारण त्यांतून निघणारी बाष्पे कागद आणि रंग दोन्ही बिघडवतात. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप यांतले काहीही प्रिंटला लावू देऊ नये. कोपऱ्यांत कागदी खाचा करून प्रिंट नुसती अडकवणे सर्वांत सुरक्षित, किंवा जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावाव्यात. अतिनील किरणे अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक घ्यावे, पण त्यामुळे निर्धास्त होऊ नये, कारण दिसणारा प्रकाशही रंग उडवतो आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही.

प्रिंटचा दर्शनी भाग थेट ॲक्रिलिकला चिकटवण्याच्या पद्धतीला तिच्या एका व्यापारी नावावरून डायासेक म्हणतात. जर्मनीतील डुसेलडॉर्फच्या छायाचित्रकारांनी ती लोकप्रिय केली. दिसायला ती विलक्षण सुंदर असते, रंग खोल दिसतात आणि ओझोनपासूनही संरक्षण मिळते. ॲक्रिलिकवर खोल ओरखडा पडला तर मात्र प्रिंट वेगळी करता येत नाही. लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरासाठी मी तिची शिफारस करत नाही.

घरात चित्र कुठे लावावे?

खिडकीच्या समोर लावू नये, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावावे. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळावी, आणि तीच एक भिंत असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. स्वयंपाकघराची सामाईक भिंत, देवघरातील धूप-उदबत्ती आणि झेरॉक्स यंत्र असलेली कार्यालयाची खोली यांपासून दूर ठेवावे. शेवटच्या ठिकाणी ओझोन तयार होतो, जो इंकजेट प्रिंटला विशेष घातक आहे. संग्रहालये रंगीत छायाचित्रांसाठी बहुधा ५० लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात. घरात तेवढा अंधार कोणी सोसत नाही. १०० ते १५० लक्स आणि वर्षातून काही महिने विश्रांती, ही तडजोड व्यवहार्य आहे.

शंका असेल तर चित्राशेजारी निळ्या लोकरीच्या पट्ट्यांचे प्रमाणित कार्ड टांगून त्याचा अर्धा भाग झाकून ठेवावा. आठ पट्ट्यांपैकी पहिली सर्वांत कच्ची असते आणि पुढची प्रत्येक तिच्या आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट ते तिप्पट टिकते. कोणत्या पट्टीपर्यंत रंग उतरला, यावरून भिंतीवरचा प्रकाश कळतो, चित्राचा बळी न देता.

पावसाळ्यात नेमके काय करावे?

सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि जिलेटिन हे तिचे आवडते खाद्य आहे. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक कपाटात ठेवणे ही सर्वांत उपयोगी खरेदी होय. ध्येय ३० ते ५० टक्क्यांचे असावे. ते साधले नाही तरी चढउतार टाळावेत. दिवसा वातानुकूलन आणि रात्री उघड्या खिडक्या, हा क्रम कायम दमट खोलीपेक्षाही त्रासदायक ठरू शकतो, कारण कागद आणि त्यावरचा थर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात. सिलिका जेल नियमित तापवून कोरडे केले तरच उपयोगी पडते. गुलाबी झालेले जेल वर्षभर तसेच ठेवणे म्हणजे कपाटात खडे ठेवणे. डांबराच्या गोळ्या प्रिंट्सजवळ ठेवू नयेत. कसर आणि वाळवी यांच्यासाठी लोखंडी कपाट आणि भिंतीपासून चार बोटे अंतर हा उपाय बरा. नव्याने तैलरंग दिलेल्या खोलीत काही आठवडे तरी चित्रे नेऊ नयेत.

न लावलेल्या प्रिंट्स कशा ठेवाव्यात? फ्रिज चालतो का?

आडव्या, सपाट, एकेक प्रिंट आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात. पीव्हीसीची पाकिटे आणि चिकट पानांवर पारदर्शक फिल्म असलेले जुने अल्बम वर्ज्य. पाकीट किंवा कागद छायाचित्रांसाठीच्या चाचणीत उत्तीर्ण आहे का, हे विक्रेत्याला विचारता येते. आयएसओ १८९१६ हे त्या चाचणीचे मानक आहे.

थंडीचा परिणाम मोठा आहे. तापमान दर ५-६ अंश सेल्सिअसने उतरले की अंधारातील रंगऱ्हासाचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. याच तत्त्वावर ऐतिहासिक छायाचित्रांच्या बेटमन संग्रहातील लक्षावधी छायाचित्रे पेन्सिल्व्हेनियातील एका जुन्या चुनखडीच्या खाणीत, उणे तापमानात ठेवली आहेत. घरचा फ्रिज चालतो, पण हवाबंद दुहेरी पिशवी, आत आर्द्रता दाखवणारी पट्टी, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता रात्रभर थांबण्याचा संयम, या तिन्ही अटी पाळल्या तरच. घाईने उघडलेल्या पिशवीत दव धरते आणि एका क्षणात दहा वर्षांची राखण वाया जाते. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी सी-प्रिंट ठेवण्याआधी घरच्यांची संमतीही घ्यावी.

उडालेला रंग परत आणता येतो का?

नाही. विघटित झालेला रंजक प्रिंटमध्ये पुन्हा तयार करता येत नाही. स्कॅन करून संगणकावर रंग सुधारता येतात, पण त्यातून निघते ती नवी प्रत. संवर्धक मात्र बुरशी, धूळ, सुटलेले थर, वाकलेला कागद यांवर उपचार करू शकतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी प्रशिक्षित माणसे आहेत. घरी कापसाने किंवा पाण्याने पुसण्याचा प्रयत्न करू नये.

मार्क रॉथ्को यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी १९६० च्या दशकात काढलेली भित्तिचित्रे मोठ्या खिडक्यांच्या जेवणघरात लावली गेली आणि उन्हाने त्यांचा लाल रंग उडाला. मूळ रंग कसे होते याचा पुरावा म्हणून १९६४ च्या एक्टाक्रोम पारदर्शिका बाहेर काढल्या, तर त्याही उतरलेल्या निघाल्या. आधी त्या साक्षीदाराचे रंग बाझल विद्यापीठाच्या मदतीने संगणकावर परत मिळवावे लागले, आणि मग २०१४ च्या प्रदर्शनात प्रोजेक्टरने भित्तिचित्रांवर हरवलेल्या रंगाचा प्रकाश टाकला गेला. प्रोजेक्टर बंद केला की चित्र पुन्हा फिके दिसे.

मग कृष्णधवलच घ्यावे का?

केवळ भीतीपोटी घेऊ नये. नीट धुतलेली चांदीची प्रिंट रंगीतपेक्षा दीर्घायुषी असते हे खरे, पण दमट हवेत आणि दूषित वायूंत चांदीही पिवळी पडते, आरशासारखी चकाकते.

प्रिंटच्या मागे नोंद करावी का?

सुती कागदाच्या कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. प्लास्टिकच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही. तिथे पाकिटावरच लिहावे. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो.

चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्कही मिळतो का?

मिळत नाही. वस्तू आपली होते, स्वामित्वहक्क स्वतंत्र लेखी हस्तांतराशिवाय मूळ धारकाकडेच राहतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे प्रिंट उतरत चालली म्हणून स्वतःच स्कॅन करून नवी काढून भिंतीवर लावण्याआधी छायाचित्रकाराला किंवा वारसांना विचारावे. बहुतेक जण नकार देत नाहीत, आणि कित्येकदा मूळ पारदर्शिकेवरून अधिक चांगली प्रदर्शन-प्रत काढून देतात. मग ती भिंतीवर आणि मूळ प्रिंट पेटीत, अशी व्यवस्था करता येते.